साइड ए, साइड बी आणि मामा

पंचविशी उलटल्यावर अख्खा अल्बम ऐकायला शिकलेली भाची आणि साठीनंतर जर्मन इलेक्ट्रॉनिकच्या प्रेमात पडलेले मामा... सोलापुरातल्या आमच्या रविवार संध्याकाळची ही गोष्ट!

एक प्रामाणिक उत्तर द्या. तुम्ही शेवटचा अख्खा अल्बम कधी ऐकलात? अख्खा म्हणजे पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत, मध्ये स्किप न मारता, बाजूला ऑफिसचे मेल न उघडता. आठवत नाही ना? टेन्शन नका घेऊ. दोन वर्षांपूर्वी मला कुणी हे विचारलं असतं तर मीही गप्प बसले असते. कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता!

आपली पिढी शफलवर वाढली. आधी दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी, मग ब्लूटूथवरून मित्रांकडून मारलेली गाणी, मग यूट्यूब, मग ॲप. आवडलं तर लूपवर, नाही आवडलं तर दहा सेकंदांत पुढचं. मासकॉमला असताना निम्मा वर्ग पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट घालून फिरायचा. मीही घेतला होता. तो त्रिकोण, त्यातून आरपार जाणारा प्रकाशाचा पट्टा... जाम भारी दिसायचं. पण त्या चित्राचा जो अल्बम आहे त्यातलं एक गाणं सोडलं तर मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. आणि टी-शर्टवाल्या बाकीच्यांनाही नव्हतं, हे मी पैजेवर सांगते.

मग एके दिवशी रेंज गेली.

दौंडच्या पुढे

पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस. सोलापूरकर नोकरदारांना ही गाडी वेगळी सांगायला नको. आठवड्याची मीटिंग उरकून मी घरी निघाले होते. पुण्यातल्या एका सिनिअरने ‘हे ऐकच’ म्हणून एक अल्बम डाउनलोड करून दिला होता. दौंड गेलं, नेटवर्क गेलं आणि फोनमध्ये वाजण्यासारखं तेवढंच उरलं. क्राफ्टवर्क नावाच्या जर्मन बँडचा ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’. साल १९७७.

मी ट्रेनमध्ये, गाण्यात ट्रेन! रुळांच्या सांध्यांवरून चाकं जाताना होतो तसा ठेका त्यांनी सिंथेसायझरवर उभा केलाय आणि तो थांबतच नाही. एक ट्रॅक संपून दुसरा कधी सुरू झाला ते कळत नाही. गाणारे तर गात नाहीत, स्टेशनमास्तरने अनाउन्समेंट करावी तसे बोलतात. एरवी हे मी दहाव्या सेकंदाला बदललं असतं. पण बदलायला दुसरं होतं काय? साधारण चाळीस-बेचाळीस मिनिटांचा अल्बम, आणि कुर्डुवाडी यायच्या आत मी तो दुसऱ्यांदा लावला होता. शेजारच्या काकांनी शेंगदाण्याचा पुडा पुढे केला तेही मला कळलं नाही. (सॉरी काका.)

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. पण सांगणार कुणाला? सत्तावीस वर्षांच्या मैत्रिणीला रात्री अकराला फोन करून ‘अगं, सत्याहत्तर सालचा एक जर्मन अल्बम...’ म्हणून बघा! उशिरा सापडलेल्या संगीताची हीच गोची असते. कॉलेजात असताना सापडलं असतं तर कट्ट्यावर चार जण बरोबर असते, भांडायला तरी. आता सगळे ज्याच्या त्याच्या ईएमआयमध्ये.

‘हे तर आपलं लूम!’

माझे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ. वय ६३. लहानपण साखर पेठेत गेलं. घरामागच्या शेडमध्ये पॉवरलूम होते, आणि तेराव्या वर्षापासून शाळा सुटली की मामा शेडमध्ये. चादर काढणं, कांड्या भरणं, तुटलेला धागा जोडणं. पुढे १९८६ साली त्यांनी नवी पेठेच्या बाजूला हातभर रुंदीचं दुकान टाकलं. कॅसेट रेकॉर्डिंगचं.

तुमच्यातल्या धाकट्यांसाठी सांगते. तेव्हा लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे. सोबत एक कोरी कॅसेट. सी-६० असेल तर दोन्ही बाजू मिळून तासभर, सी-९० असेल तर दीड तास. मामा दोन डेक जोडून यादीतली गाणी एकामागून एक भरायचे आणि गाण्यामागे पैसे घ्यायचे. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मामा म्हणतात, त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. असो! लग्न ठरलेली पोरं होणाऱ्या बायकोसाठी कॅसेट भरून घ्यायची, आणि कुठल्या गाण्यानंतर कुठलं यायला हवं याचा सल्ला मामाच द्यायचे. बाजू संपत आली की शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून सेकंदांचा हिशेब. आजच्या भाषेत मामा सोलापूरचे प्लेलिस्ट क्युरेटर होते, बॉस!

सीडी आली, एमपीथ्री आली. २००४ मध्ये तिथे झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज सुरू झालं. मामा मात्र रोज संध्याकाळी घरी तासभर लताबाई ऐकायचे. तो नेम होता.

२०२१ मध्ये मामी गेल्या. त्यानंतर वर्षभरात नेमही सुटला. आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं की मामांचं मन उडालंय. आई म्हणायची, विचारू नका, दुखेल त्याला. मामांनी मधल्या काळात तीन वेळा स्पीकर बदलला होता, हे आम्ही पाहिलं आणि सोडून दिलं.

तर त्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या दुसऱ्या दिवशी मी मामांकडे जेवायला गेले होते. मामा आत, मी बाहेरच्या खोलीत. स्पीकरला फोन जोडला आणि तोच अल्बम लावला. मामा हातातली कोथिंबीर तशीच घेऊन बाहेर आले.

“काय वाजवालीस गं हे?”

“जर्मन लोकांचं आहे मामा. बंद करू?”

“थांब की.” उभ्या उभ्याच ऐकत राहिले. मग टेबलावर हात टेकवला. “हे तर आपलं लूम चाललंय गं! असंच. रात्री बारा वाजता सगळ्या गल्लीतनं असंच यायचं.”

बसले. पूर्ण ऐकला. संपल्यावर म्हणाले, “दुसरी बाजू लाव.” मोबाइलला दुसरी बाजू नसते, हे सांगायला मला कसंतरी झालं. आणि मग ते जे म्हणाले, ते मी विसरू शकत नाही. “हे सगळंच्या सगळं ऐकू आलं बघ.”

“म्हणजे, मामा?”

“म्हणजे लताबाईंचं येत नाही ना तसं. अर्धंच येतं. पडद्याआडून गायल्यासारखं.”

चार हजार हर्ट्झचा खड्डा

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे. ऑडिओग्राम नावाचा आलेख निघाला. खालच्या, म्हणजे जाड्या आवाजांना रेघ जवळपास सरळ. तीन-चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तीच रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “लूमवर काम केलंय का?” सोलापूरच्या डॉक्टरला हे विचारावंच लागतं.

गोष्ट साधी आहे आणि वाईट आहे. पॉवरलूमच्या शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वर आवाज जाणं रोजचंच. पंच्याऐंशी डेसिबलच्या पुढे रोज आठ तास काढले की कान धोक्यात येतो. आतल्या शंखाकृती भागात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मरतात आणि परत येत नाहीत. पहिला फटका बसतो तो चार हजार हर्ट्झच्या आसपास. नेमकी तीच जागा, जिथे ‘स’ आणि ‘श’ वेगळे कळतात, जिथे बाईच्या आवाजाची चमक असते. वय वाढलं की वरून आणखी भर. खालचे सूर मात्र शाबूत राहतात. बेस गिटार, ड्रमचा धम्म, सिंथेसायझरचा घुमारा... हे मामांना तुमच्या-माझ्यासारखंच ऐकू येत होतं.

म्हणजे मामांचं मन उडालं नव्हतं. ज्या गाण्यांवर चाळीस वर्षं काढली, ती गाणीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. आणि हे कुणाला सांगायचं तर ‘म्हातारा झालास’ ऐकावं लागणार, म्हणून ते दर काही महिन्यांनी स्पीकरलाच दोष देत होते. आम्ही दुःख दुःख म्हणत लांब बसलो होतो. एकानेही विचारलं नाही. या लेखातलं हे वाक्य लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

(जाता जाता हेडफोनवाल्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बारा ते पस्तीस वयातल्या शंभर कोटींहून जास्त लोकांचे कान मोठ्या आवाजात ऐकण्यामुळे धोक्यात आहेत. लूमवर न जाता!)

रविवार, सात वाजता

डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं. मामांनी साफ नकार दिला. मग मी दुसरा उद्योग काढला. जे अजून पूर्ण ऐकू येतं ते तरी ऐकवायचं. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता एक अल्बम. नियम एकच, मध्ये थांबायचं नाही. पुढे मामांचे दोन मित्र यायला लागले. एक अजून चार लूम चालवतात. दुसरे ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचे. चहा, शेंगा चटणी लावलेली कडक भाकरी, आणि चर्चेला सोलापुरी ‘बे’ची फोडणी.

दुसऱ्याच रविवारी मी माझ्या टी-शर्टचं कर्ज फेडलं. ‘द डार्क साइड ऑफ द मून’, १९७३. सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटी पुन्हा तेच ठोके. मध्ये एकदम पाच-पन्नास घड्याळं एकत्र खणखणतात तेव्हा मामा हलले नाहीत, मित्र मात्र दचकले. काय ऐकू येतं आणि काय नाही, याचा नकाशाच झाला. आणि अल्बम साधारण त्रेचाळीस मिनिटांचा आहे म्हटल्यावर मामा पटकन म्हणाले, “म्हणजे सी-नव्वदच्या एका बाजूत बसतो की!” मग जरा वेळाने, “अठरा वर्षं दुकान केलं बघ. हजारो कॅसेटी भरल्या. एक अल्बम असा बसून ऐकला नाही. लोकांच्या यादीतलं एकेक गाणं काढायचं आणि पुढं जायचं.”

म्हणजे शफलचा शोध आपण लावलेला नाही हो. मामांच्या दुकानात तो आधीपासून होता.

सगळे अल्बम चालले असं मुळीच नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ (१९९१) जगभरच्या समीक्षकांचा लाडका. त्यात गिटारचे सूर मुद्दाम वाकवून, हेलकावत वाजवलेत. तीन मिनिटांत मामांनी निदान केलं, “डेकचं हेड घाण झालंय. स्पिरिट लाव.” मी म्हटलं, असंच आहे ते. “मग टेप ताणलीय.” रेडिओहेडच्या ‘किड ए’ला तर कॅसिओवाल्या काकांनी उठून चप्पल घातली. मला तो अल्बम फार प्रिय आहे, पण त्या संध्याकाळी माझ्याही लक्षात आलं, निम्मं प्रेम मी इतरांच्या परीक्षणांतून उचललेलं होतं.

सगळ्यात रंगला तो ब्लॅक सॅबथचा रविवार. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं. गिटार सुटली म्हणून खचला. तेव्हा त्याच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. आगीत हाताची दोन बोटं निकामी झाल्यावरही वाजवत राहिलेला गिटारवाला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढे त्याने तारा सैल लावल्या, सूर खाली उतरला, आणि हेवी मेटलचा तो जाड, जड आवाज आला. पहिला अल्बम १९७०चा. मी हे सांगत असताना लूमवाल्या काकांनी काही न बोलता डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनीचं टोक नाही. मला आजवर दिसलंच नव्हतं. “फोरमन भला होता बे,” एवढंच म्हणाले.

एक रेकॉर्ड एका माणसाने दुसऱ्याला ऐकवली, एवढीच गोष्ट आहे ती. पण बघा ना, टेक्नो आला डेट्रॉइटमधून, मोटारींचे कारखाने उताराला लागलेल्या शहरातून. क्राफ्टवर्कही जर्मनीच्या कारखानदारी पट्ट्याजवळच्या ड्यूसलडॉर्फचे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं पत्त्यात सांगणाऱ्या, भोंग्यावर घड्याळ लावलेल्या आमच्या शहराला हे संगीत परकं वाटायचं कारणच काय?

मुंबईत, १९८२ मध्ये

मग आला चरणजित सिंग यांचा रविवार. मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रांतले वादक. आर. डी. बर्मन यांच्यासारख्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे, लग्नाच्या कार्यक्रमांतही वाजवणारे. डिस्कोची लाट होती. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची नवी यंत्रं होती. टीआर-८०८ हे ड्रमचं, टीबी-३०३ हे बेसचं आणि जुपिटर-८ हा कीबोर्ड. त्यांनी भैरव, ललित, भूपाली, तोडी, मालकंस असे दहा राग या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात बसवले आणि १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. एचएमव्हीने काढला. चालला नाही.

ती टीबी-३०३ पेटीही चालली नाही. एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेली, १९८४ मध्ये रोलँडने बंदच करून टाकली. मग शिकागोतल्या पोरांनी ती जुनी-पानी उचलून पिळली आणि १९८७ मध्ये फ्यूचरच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून ॲसिड हाउस नावाचा प्रकार जगभर गेला. २००२ मध्ये एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात चरणजितजींची रेकॉर्ड सापडली. शिकागोच्या पाच वर्षं आधीचा, पण तसाच आवाज! २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि सत्तरीतले चरणजितजी युरोपातल्या तरुण पोरांपुढे वाजवू लागले. २०१५च्या जुलैमध्ये ते गेले. ‘ॲसिड हाउसचा जनक भारतीय’ वगैरे हेडलाइन तेव्हा खूप झाल्या. मला ते पटत नाही. शिकागोवाल्यांनी त्यांना ऐकलंच नव्हतं, मग जनक कसले? पण एक माणूस आपल्या खोलीत नवं यंत्र आणि जुना राग घेऊन बसतो आणि मागे-पुढे कुणी नसताना हे करतो, हे तेवढंच पुरेसं नाही का?

कॅसिओवाल्या काकांनी पहिल्या चार सुरांत भूप ओळखला आणि खुर्चीतच ताठ झाले. “हे आमच्या वेळचं आहे? मुंबईतलं? आणि आम्हाला ठाऊक नाही?” त्यांना आनंद झाला होता की राग आला होता, सांगता येणार नाही.

मी आणखी एक गोष्ट सांगितली. रूपा बिस्वास, कोलकात्याच्या. १९८२ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत सरोदवादक आशिष खाँ यांच्यासोबत ‘डिस्को जॅझ’ रेकॉर्ड केला. तोही पडला. त्या घरसंसारात रमल्या. अनेक वर्षांनी मुलाला इंटरनेटवर दिसलं की आईची रेकॉर्ड लोक महागात विकत घेतायत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्युमेरो ग्रुपने ती नव्याने काढली.

२०१८ मध्ये सेथ स्टिव्हन्स-डेव्हिडोविट्झ या डेटावाल्याने स्पॉटिफायच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की पुरुषांची आयुष्यभराची आवड साधारण तेरा ते सोळा वयात ऐकलेल्या गाण्यांतून ठरते, मुलींची त्याआधीच. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, “बरोबरच आहे की. तेरा ते सोळा मी लूमच ऐकत होतो.”

एवढा कचरा होता होय?

या दिवाळीनंतर मामा आपणहून म्हणाले, “ते यंत्र पंधरा दिवस वापरून बघायला देतात म्हणे.” मी उत्साहात एकही शब्द बोलले नाही, हे माझं यश.

यंत्र लावून पहिल्याच रविवारी चरणजितजींचा भैरव लावला. मामा दचकले. “ही टिकटिक कुठनं आली?” ती टीआर-८०८ची झांज, पहिल्यापासून तिथेच होती. पंख्याची करकर, रस्त्यावरची रिक्षा, कॅसिओवाल्यांच्या भाकरीचा कुरकुर आवाज... “एवढा कचरा होता होय यात?” म्हणून दहा मिनिटांत यंत्र काढून खिशात टाकलं. क्राफ्टवर्क आणि सॅबथ ते अजूनही यंत्राशिवायच ऐकतात. आधीचं बरं होतं म्हणतात.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते. आतल्या खोलीत जुना डेक सुरू झाला. लताबाई. मामांनी स्वतः भरलेली कॅसेट, मामींच्या यादीची. यंत्र कानात होतं. गाणं संपलं, रिवाइंडची घरघर ऐकू आली, पुन्हा तेच गाणं. मी कप तसेच ठेवून निघाले.

आता पुढचा अल्बम निवडायची पाळी मामांची आहे. १९८८ मध्ये त्यांनी हौसेने मुंबईहून ‘रॉक मशीन’च्या ‘रॉक अँड रोल रेनेगेड’च्या काही कॅसेटी मागवल्या होत्या. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही आपली पोरं इंग्रजीत रॉक करतायत म्हणून. एक सोडून सगळ्या पुढे कधीतरी कमी पैशांत गेल्या. (याच बँडने १९९३ मध्ये इंडस क्रीड असं नाव बदललं, मग फुटले, २०१०ला पुन्हा जमले आणि सतरा वर्षांच्या खंडानंतर २०१२ मध्ये अल्बम काढला.) उरलेल्या एका कॅसेटचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. डेकचा बेल्ट सैल झालाय, मामांनी तो बदलायला काढलाय.

रविवारी सात वाजता. उशीर केलास तर साइड ए परत लावणार नाही, असा निरोप आलाय.